खुर्ची गेलेला गुत्ता

१९४९ च्या पावसाळ्यात मुंबई प्रांतात दोन महिन्यांच्या आत दोन गोष्टी घडल्या. १६ जूनला मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. ८ ऑगस्टला कल्याणच्या लष्करी छावणीत गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंध्यांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बारशाला आलेला पाहुणाही नेमका कोण, तर १९३७ साली मद्रास प्रांताचा कारभार हाती येताच सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणून साऱ्या देशाला वाट दाखवणारे राजाजी. पुढच्या वर्षी ६ एप्रिलला बंदी राज्यभर लागू झाली. म्हणजे हे गाव पाळण्यातच कोरडं ठरलं. पुढं हातभट्टीच्या धंद्यात ज्या ठिकाणांची नावं मुंबईकरांच्या तोंडी बसली, त्यांत हे नाव होतं हा नियतीचा विनोद म्हणायचा, की कायद्याचा हिशेब, ते पुढं पाहू.

कारण ही गोष्ट उल्हासनगरपासून सुरू होत नाही. ती झाडापासून सुरू होते.

विलायतेतल्या खेड्यात पब असतो. गावातच उतरवलेली, पिंपात अजून आंबत असलेली हलकी बियर, जोडीला काहीतरी गरम खायला, बसायला बाक आणि गप्पांना माणसं. आपल्याकडं असं काही नव्हतं, आपल्याकडं दारू म्हणजे आधीपासून पापच, असं मानणाऱ्यांनी कल्याणपासून बदलापूर-मुरबाडपर्यंतच्या पट्ट्याचा इतिहास जरा उलगडून पाहावा. या मुलखातलं तसं पेय म्हणजे ताडी. ताडाची, शिंदीची आणि किनाऱ्याकडं माडाची. ताडावर चढणारा माणूस सकाळ-संध्याकाळ झाडावर जातो, पायात दोरीचा फास, कमरेला धारदार कोयती. फुलोऱ्याच्या दांड्याचं टोक रोज पातळ काप घेऊन ताजं करायचं आणि खाली मडकं अडकवायचं. रात्रभर थेंब थेंब साठतं. मडक्याला आतून चुना फासला तर ती गोड नीरा राहते. नाही फासला तर हवेतलं यीस्ट लगेच कामाला लागतं. सकाळी गोडसर, दुपारी फेसाळ आणि जराशी झोंबणारी, संध्याकाळी आंबट, दुसऱ्या दिवशी जवळजवळ शिरका. जोर चार-पाच टक्क्यांचा, म्हणजे बियरइतकाच. सगळ्यात महत्त्वाचं हे की ती साठवता येत नाही आणि लांब नेता येत नाही. जिथं उतरते तिथंच, त्याच दिवशी, झाडाच्या आसपास बसून प्यायची. बसून म्हणजे खरोखर बसून. सोबत भाजलेला बोंबील, सुक्या जवळ्याची चटणी, उकडलेली अंडी, नाहीतर नुसते खारे चणे. एवढ्या हलक्या पेयानं माणूस झिंगायला वेळ लागतो, आणि त्या वेळात तो खातो, बोलतो, भांडतो, शेवटी घरी जातो.

उल्हास खोऱ्याच्या वरच्या अंगाला, मुरबाड-शहापूरच्या रानात, मोह होता. चैत्राच्या आगेमागे पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. कातकरी आणि ठाकूर बायामुलं तो वेचून वाळवतात. फुलं भाजून खातात, पिठात मिसळतात, टंचाईच्या दिवसांत त्यावरच पोट भरतात, आणि त्यातली काही आंबवून भट्टी लावतात. ही दारू तेज असते. पण ती रोजची नव्हे, लग्नाची, देवाची, मयताची. घरातली चूल, घरातलं मडकं, रानातलं फूल. यात सरकारला कुठंच हात घालायला जागा नव्हती, आणि सरकारची नेमकी तीच अडचण होती.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा ही अडचण दूर करायला आला. त्याआधी दारूचा मक्ता लिलावानं दिला जाई. मक्तेदार काय करतो, कुठं गाळतो, याकडं फारसं कुणी पाहत नसे. मीठ आणि अबकारी खात्याचे प्रमुख चार्ल्स प्रिचर्ड यांना हे ढिसाळ वाटलं. नवी पद्धत अशी: गाळप ठरावीक कारखान्यांतच, पहारा सरकारचा, कर दारूच्या जोरावर मोजून. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांना दारू पुरवणारं मोठं केंद्र म्हणजे उरण. तिथल्या भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या. गुजरात आणि मध्य प्रांतातून मोहाची फुलं तिथं येत आणि बाटलीत बंद होऊन गावोगावच्या गुत्त्यांवर जात. ताडीच्या झाडांवर झाडागणिक कर बसला आणि तो वाढत गेला. ताडी उतरवणाऱ्या भंडाऱ्यांनी तक्रारी केल्या, अर्ज केले, झाडं उतरवायचंच सोडून दिलं.

इथं जरा थांबून एक तुलना करायलाच हवी, कारण ती इतिहासाच्या पुस्तकांत सहसा शेजारी शेजारी येत नाही. १८३० साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारनं इंग्लंडात बियरचा कायदा केला. बियरवरचा कर रद्द, आणि कुठल्याही करदात्या घरमालकाला दोन गिनी भरून आपल्या घरात बियर गाळायची आणि विकायची मुभा. हेतू उघड होता: गरिबाला जिनसारख्या जळजळीत दारूपासून सोडवून हलक्या, घरच्या बियरकडं वळवायचं. त्यातून खेडोपाडी हजारो छोट्या पेयशाळा उभ्या राहिल्या आणि आज ज्याला आपण अस्सल विलायती पब म्हणून कौतुकानं बघतो, त्यांतल्या कितीकांची मुळं त्या कायद्यात आहेत. त्याच राज्यकर्त्यांनी पन्नास वर्षांनी ठाणे जिल्ह्यात नेमकं उलट केलं. हलक्या ताडीवर कर चढवला आणि कडक दारूला मोकळी वाट दिली. कारण साधं आहे. हजारो ताडांवरचा रस मोजणं कठीण. उरणच्या भट्टीतून निघालेला गॅलन मोजणं सोपं. आपल्या माणसांच्या आरोग्याचा विचार त्यांनी लंडनला केला, आपल्या तिजोरीचा विचार इथं केला.

मग १८९२ चा मोह कायदा. मुंबई सरकारनं तो मुद्दाम ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी केला आणि मोहाची फुलं बाळगणं, विकणं, नेणं-आणणं यावर निर्बंध घातले. दारू नव्हे, फुलं! जे झाड कुणी लावलं नाही, ज्याचं फूल आपोआप खाली पडतं, ते उचलून घरात ठेवलं तर गुन्हा. भाकरीत मिसळायची फुलं कोणती आणि भट्टीची कोणती, हे शिपायानं ठरवायचं. रानातल्या माणसाच्या घरात शिपाई कशासाठी शिरू शकतो, याची यादी त्या दिवसापासून लांबली. दारूच्या नव्या अबकारीवर शहरी टीकाकारही तुटून पडले होते, पण त्यांचा रोख वेगळा होता. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच नगरपालिकेला पत्र लिहून शहरात दारूची दुकानं वाढवण्याला हरकत घेतली होती, आणि १९०८ साली टिळकांनी पुण्यात गुत्त्यांपुढं निरोधन उभं केलं. या दोन्ही चळवळींना सरकारचा महसूल दिसत होता. झाडावरून गुत्त्यात गेलेल्या पेयाबरोबर बसण्याची पद्धतही गेली, हे मात्र फारसं कुणाला दिसलं नाही.

गुत्ता म्हणजे काय, तर मक्त्यानं घेतलेलं दुकान. मक्तेदारानं सरकारला आधीच रक्कम कबूल केलेली. ती वसूल करायची तर गिऱ्हाईक लवकर प्यायलं पाहिजे, पुष्कळ प्यायलं पाहिजे आणि जागा मोकळी केली पाहिजे. तिथं बाक कशाला ठेवायचा? उधारी मात्र ठेवायची. आदिवासी भागात दारूचा दुकानदार आणि सावकार बहुधा एकच असे. प्यायला दिलेलं वहीत चढे, आणि वही शेवटी जमिनीपर्यंत पोहोचे.

त्या वहीवरचा राग १९२२ साली एका अजब वाटेनं बाहेर आला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं 'द कमिंग ऑफ द देवी' या पुस्तकात ती वाट शोधली आहे. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, पालघरच्या मासेमारी करणाऱ्या लोकांत एक देवी अंगात येऊ लागली. तिथून ती डोंगर चढून वर गेली आणि वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत पोहोचली. झाडाखाली गाव जमे, कुणाच्या तरी अंगात वारं येई आणि हुकूम सुटत: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, आणि पारशाच्या शेतावर कामाला जाऊ नका. हा शेवटचा हुकूम वाचला की बाकीच्यांचा अर्थ कळतो. पारशी दुकानदाराचं कंबरडं मोडायचं तर दुकान सोडायला हवं. गांधींच्या माणसांनी या लाटेला खादीची जोड दिली, पण ती लाट त्यांनी उठवलेली नव्हती. गरीब माणसाला बंदी हवीच असते, असं पुढारी पुढं सांगत राहिले. या माणसांना खरं तर वहीतून सुटका हवी होती.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबईत आलं आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. आरोग्य आणि अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडं, ते स्वतः पारशी, त्यामुळं पारशी समाजातली चिडचिड त्यांना घरातूनच ऐकावी लागली असणार. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या मालमत्तेवर दहा टक्के कर बसवला. नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि बंदीचा जोर ओसरला.

युद्धानं या खोऱ्याचा नकाशाच बदलला. अंबरनाथ तसं जुनं गाव. वालधुनीच्या काठचं शिलाहारांचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथं विम्कोचा आगपेटीचा कारखाना आला, मग संरक्षण खात्याचे कारखाने आले. कल्याणच्या पूर्वेला सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील एवढी छावणी उभी राहिली, दोन हजारांहून अधिक बराकींची. १८५६ पासून कल्याण-बदलापूर-नेरळ-खोपोली लोहमार्ग होताच. युद्ध संपल्यावर बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर त्याच बराकींत जवळजवळ लाखभर निर्वासित येऊन उतरले. लांब दालनाच्या मध्ये गोणपाट बांधून एकेक कुटुंब राहिलं. आजही पत्त्यात कॅम्प नंबर एक ते पाच असंच लिहितात. लोकांनी पापड लाटले, गोळ्या-बिस्किटं केली, लोकलमध्ये फिरून विकली.

आता १९४९ चा कायदा या भूगोलावर ठेवून बघा. पश्चिमेला उल्हास खाडीची खारफुटी, जिथं होडीशिवाय पोलीस पोहोचत नाही. दक्षिणेला मलंगगडाच्या कुशीतली झाडी आणि नाले. मध्ये रेल्वे, जी तासा-सव्वा तासात मुंबईच्या गिरण्यांजवळ नेते. चारी बाजूंना कारखाने, आणि कारखान्यांबाहेर पगाराच्या संध्याकाळी घसा कोरडा पडलेली हजारो माणसं. शिवाय नुकतंच सगळं गमावलेली, काहीही करून चार पैसे मिळवायला तयार असलेली वस्ती. हातभट्टीला याहून सोयीची जागा कुणी मुद्दाम आखूनही मिळाली नसती. त्याचा दोष सिंध्यांवर टाकण्याची पद्धत तेव्हापासून पडली. ती अन्यायाची आहे. भट्ट्या आगऱ्यांच्याही होत्या, कोळ्यांच्याही, आदिवासी पाड्यांतही होत्या. मुंबईत वांद्र्याच्या ख्रिस्ती विधवा आपल्या स्वयंपाकघरात 'आंटीचा अड्डा' चालवतच होत्या, आणि तिथं निदान बसायला खुर्ची आणि खायला तळलेली कलेजी मिळे.

हातभट्टीचं तंत्र झाडाशी काडीमोड घेतलेलं तंत्र होतं. मोह नको, ताड नको. काळा गूळ, नवसागर आणि पाणी पिंपात घालून नाल्याच्या कडेला चिखलात पुरायचं, आठवडाभर फसफसू द्यायचं, मग रात्री पिंपाखाली जाळ. पहिल्या धारेची वेगळी काढायची, तिला भाव जास्त. माल ट्रकच्या टायरच्या रबरी ट्यूबमध्ये भरायचा. ट्यूब फुटत नाही, वाजत नाही, पोत्याखाली सपाट बसते. साडीखाली कमरेला ट्यूब गुंडाळून बाया लोकलमधून मुंबईकडं जात. अड्ड्यावर गिऱ्हाईक काचेच्या पेल्यात नवटाक किंवा पावशेर घेई, एका दमात रिचवी, मुठीतलं मीठ चाटी आणि निघे. चकणा म्हणजे तेवढाच. दोन मिनिटांत काम. पोलीस कधीही येऊ शकतो, मग बसायचं कोणी? १९४९ च्या कायद्यात तर दारू पिण्याची सार्वजनिक जागा उघडणं हा एक गुन्हा आणि तिथं सापडणं हा वेगळा गुन्हा. प्रिचर्ड साहेबांनी बाक काढला होता. मोरारजी देसाईंच्या गृहखात्यानं खोलीच काढून टाकली.

पैसेवाल्यांसाठी दार किलकिलं होतंच. डॉक्टरचा दाखला असेल तर आरोग्यासाठी परवाना मिळे, आणि मुंबईतल्या बऱ्याच धट्ट्याकट्ट्या मंडळींची प्रकृती त्या काळात एकाएकी नाजूक झाली. एफ. एन. बलसारा या पारशी गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं २५ मे १९५१ च्या निकालात कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण मद्यार्क असलेल्या औषधांवरची आणि प्रसाधनांवरची बंदी उडवली. त्यामुळं आल्याचं टिंक्चर आणि द्राक्षासवाच्या बाटल्या औषधांच्या दुकानांतून कशा खपल्या, ते सांगायला नको. पोटदुखीची एवढी मोठी साथ मुंबई राज्यात पुन्हा आली नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांनी कायदा रद्द केला नाही. तो ढिला करत नेला. परवाना मिळणं सोपं झालं. आणि १९७३ साली महाराष्ट्र देशी दारू नियम आले. या नियमांमागचा विचार असा सांगितला गेला की माणूस पिणारच, तर नाल्यातलं विष पिण्यापेक्षा सरकारमान्य बाटलीतलं पिऊ दे. विचार चुकीचा नव्हता. पण या बाटलीत काय होतं? १९५० नंतर प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखान्यांची रांग लागली होती, आणि साखरेमागून मळी येते. मळीपासून स्पिरिट, स्पिरिटात पाणी, रंग आणि संत्र्याचा नाहीतर मोसंबीचा वास. नाव 'देशी', पण उल्हास खोऱ्यातलं त्यात काहीच नाही. अहमदनगर-कोल्हापूरकडचा ऊस. शंभर वर्षांपूर्वी झाडावरून भट्टीत गेलेलं पेय आता कारखान्यातून थेट काउंटरवर आलं.

हे दुकान कुठल्याही रेल्वे स्टेशनबाहेर बघता येतं. अंबरनाथ पूर्वेला, बदलापूर पश्चिमेला, उल्हासनगरच्या कॅम्पांत. दाराला पडदा किंवा अर्धी फळी, आत ट्यूबलाइट, लोखंडी जाळीमागं काउंटर, भिंतीवर 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' आणि परवाना क्रमांक. सकाळी आठला उघडतं. रात्रपाळी संपवून येणारे पहिले. संवाद एवढाच:

"एक संत्रा, छोटी."

"सुट्टे द्या, मामा."

छोटी म्हणजे ९० मिलीची. गडी तिथंच भिंतीकडं तोंड करून झाकण फिरवतो, प्लॅस्टिकच्या ग्लासात पाणी घालतो किंवा तेही नाही, आणि मान मागं टाकतो. बाहेर दाराशी एक बाई टोपलीत उकडलेली अंडी, तिखट-मीठ लावलेली काकडी आणि चणे घेऊन बसलेली असते. या दुकानाचं खाणं म्हणजे ती टोपली. दुकानाचा तिच्याशी काही संबंध नाही, भाडं नाही, करार नाही. पण अड्ड्यावरच्या मुठीतल्या मिठापेक्षा अंडं बरं, एवढी प्रगती १९५० पासून झाली म्हणायची.

कायदेशीर दारू स्वस्त मिळू लागल्यावर हातभट्टी संपेल हा अंदाज मात्र फसला. बाटलीवर कर आहे, ट्यूबवर नाही. मालात मिथेनॉल आलं की काय होतं ते डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीला दिसलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. जून २०१५ मध्ये मालवणीला दिसलं, शंभराहून अधिक गेली. दिव्याच्या खाडीत, मलंगगडाच्या पायथ्याशी छापे पडल्याच्या, पिंपं फोडल्याच्या बातम्या अजूनही येतात. ताडीच्या दुकानांचंही तेच. झाडं कमी आणि मागणी जास्त, म्हणून पाण्यात क्लोरल हायड्रेट घालून ताडी 'बनवली' जाते. झाडावर चढणारा माणूस कुणालाच नको आहे. पावडरचं पाकीट पुरतं.

आणि देशी दुकान नको असणारेही कमी नाहीत, त्यात बायका पुढं. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. पालघरच्या देवीचीच ही कायद्यातली नात म्हणा. फरक एवढा की ही मतदान केंद्रावर येते आणि तिच्याकडं मतदार यादी असते.

बसून पिण्याची सोय परत आली ती दुसऱ्याच वाटेनं. कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या रस्त्यावर आणि स्टेशनांच्या आसपास, बहुतेक शेट्टी मालकांच्या, पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम' असं लिहिलेल्या जागा उभ्या राहिल्या. नाव १९५० च्या दशकातलं, परवानाधारकानं बसून प्यायची खोली. परवाना कायद्यात आजही आहे: एका दिवसाचा देशीसाठी दोन रुपयांचा, विदेशीसाठी पाच रुपयांचा, आयुष्यभराचा हजार रुपयांचा. वेटर तो कधी मागत नाही, गिऱ्हाइकाला तो आहे हे बहुधा माहीतही नसतं. खाली अंधार, वर फॅमिली सेक्शन. मसाला पापड, चणा कोळीवाडा, सुरमई फ्राय, आणि उल्हासनगरात सिंधी घरांतून आलेली तळलेली कमळकाकडी. ही जागा मला आवडते, हे कबूल करायला हरकत नाही. इथं माणूस तासभर बसतो, पापडाचे तुकडे मोडत ऑफिसातल्या साहेबाला शिव्या देतो, आणि मग जेवूनच उठतो. पण पगारदारालाच ती परवडते. टोपलीतल्या अंड्याचं गिऱ्हाईक या दारातून आत येत नाही.

गावांमध्ये बसण्याची जागा वेगळीच आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या आगरी-कुणबी गावांत लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद म्हणजे खरा पब: मांडव, खुर्च्यांच्या रांगा, मटण, वजडी, भाकऱ्या, आणि रात्रभर चालणारी बाटली. कर्ज काढून हळद होते म्हणून गावागावांनी हळदीत दारू आणि डीजे नको असे ठराव केले. काही पाळले गेले, काही सरपंचाच्या घरच्या हळदीला विरले. आषाढ अमावास्येला, गटारीला, मुंबईची मंडळी बदलापूरच्या फार्महाउसांवर आणि बारवी, कोंडेश्वरच्या पाण्यावर येतात. दर पावसाळ्यात कोणी तरी बुडतं आणि मग प्रशासन धबधब्यांवर जमावबंदी लावतं.

इकडं पुण्यात २००९ साली दूलाली नावाची बियरशाळा सुरू झाली, जागीच गाळलेली, ताजी, हलकी बियर, सोबत खाणं. मग मुंबईतही तशा निघाल्या. गव्हाची बियर प्यायला आलेली मंडळी ती 'लोकल' आहे म्हणून खूश होतात. गोव्यात २०१८ च्या सुमारास डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीनं मोहाची दारू सुंदर बाटलीत घालून बाजारात आणली; मध्य प्रदेशानं आदिवासींच्या मोहाला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये मोहाची फुलं वेचण्यावरचे, बाळगण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. मुरबाडच्या कातकरणीला आता फुलं घरात ठेवल्याबद्दल कुणी पकडू शकत नाही. ती फुलं चुलीवर चढवून तिनं घरच्या लग्नासाठी बाटलीभर गाळली, तर १९४९ चा कायदा मात्र अजून लागू आहे.